जुनी जीपगाडी आणि इंजिनाचे तेल

बैलगाडीच्या आसाला वंगण कमी पडले की ते कळायला गाडीत बसावे लागत नसे. चाक करकरू लागे आणि पांदीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूसही ओरडून सांगे, "अरे, वंगण घाल त्याला!" वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेलेच असे. मोटारीच्या इंजिनाची तऱ्हा याच्या उलट आहे. त्याचे तेल कमी होत असता ते तक्रार करीत नाही. लिटर-दीड लिटर तेल गेले तरी आवाज तोच, ओढही तीच. आणि ज्या वेळी ते बोलू लागते, त्या वेळी करण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

आज बोलायचे आहे ते जुन्या, उंच बांध्याच्या, डिझेलवर चालणाऱ्या जीपवजा गाडीविषयी. शहरात तिला एसयूव्ही म्हणतात. आपण नुसती जीप म्हणतो. 1994 साली बाजारात आलेली सुमो 2019 मध्ये बनायची बंद झाली, पण रस्त्यावरून गेली नाही. 2000 सालापासूनच्या बोलेरो तर गावोगावी आहेत. यांतल्या कित्येक गाड्यांनी दोन-तीन लाख किलोमीटर मागे टाकले आहेत. दुधाचे कॅन, शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, रात्री-अपरात्री तालुक्याला न्यायचे बाळंतपण, सारे त्यांच्याच भरवशावर. (आठ जणांच्या गाडीत पंधरा जण बसवतात, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.) मी स्वतः अर्थशास्त्र शिकवतो, मिस्त्री नव्हे. परंतु अशी गाडी हे त्या घराचे भांडवल असते आणि ते भांडवल अक्षरशः अर्ध्या मिनिटात बुडू शकते, म्हणून हा विषय मला माझ्या विषयाबाहेरचा वाटत नाही.

धातूवर धातू घासू नये म्हणून तेल घालायचे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तेल तिथे नेमके करते काय? ही गोष्ट कळली म्हणजे पुढचे सगळे आपोआप कळेल. 1883 साली इंग्लंडात बोशँप टॉवर नावाचे एक अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. आस तेलाच्या कुंडीत फिरत होता आणि वर बेअरिंगचा टोप बसवला होता. तेल सोडण्यासाठी त्यांनी त्या टोपाला वरून एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उलट वर येऊ लागले! त्यांनी लाकडी गुडदी ठोकली. तेलाने ती बाहेर ढकलून दिली. मग दाब मोजण्याचे घड्याळ बसवले, तर काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा भार सरासरीने याच्या निम्मासुद्धा नव्हता वा फार तर तेवढाच होता. याचा अर्थ असा, की फिरणारा आस स्वतःच तेलाला ओढून फटीत कोंबतो, तिथे प्रचंड दाब तयार होतो, आणि आस त्या तेलाच्या थरावर तरंगतो. 1886 मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले, आणि आजही बेअरिंगांची रचना त्याच पायावर होते.

आपल्या जीपच्या इंजिनातला क्रँक असाच तरंगत असतो. डिझेलचा भडका उडाला की पिस्टनवरून काही टनांचा भार कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर येतो, आणि मिनिटाला 2000 फेरे असतील तर क्रँक सेकंदाला 33 वेळा फिरतो. मध्ये आहे तो तेलाचा पापुद्रा. जिथे तो सर्वांत पातळ असतो तिथे केसाहून कितीतरी बारीक. हे तेल कडेने सतत निसटत असते, म्हणून खालच्या चेंबरमधून पंपाने ते सतत वर पुरवावे लागते. पुरवठा तुटला की पापुद्रा फाटतो. बेअरिंगवरचा मऊ धातूचा थर तापतो, पुसला जातो, क्रँकला चिकटतो. कधी बेअरिंगच आपल्या जागी फिरते आणि तेलाचे भोक बंद करते. मग खालून 'खट् खट् खट्' असा आवाज येतो, अॅक्सिलरेटरबरोबर वाढतो, आणि तरीही गाडी दामटली तर इंजिन जाम होते, किंवा रॉड तुटून ब्लॉकच्या कुशीतून बाहेर येतो.

आता तो लाल दिवा. काचेसमोरच्या फळीवर तेलाच्या झारीचे चित्र असलेला दिवा असतो. आपल्याकडे सर्रास समज आहे की तेल कमी झाले की तो लागतो. हे खरे नाही. जुन्या गाड्यांत तो तेलाची पातळी सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. तोही अगदी कमी झाल्यावर. चेंबरमध्ये सहा-सात लिटर तेल असायला हवे. त्यातले दोन-अडीच लिटर गेले तरी सपाट रस्त्यावर पंपाची जाळी तेलातच बुडलेली राहते, दाब येतो, दिवा विझलेला. पण चिपळूणहून कुंभार्ली घाट चढू लागा. गाडी तिरकी होते, वळणावर तेल एका बाजूला धावते, जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. दिवा क्षणभर लुकलुकतो, वळण संपले की विझतो. चालक म्हणतो, "वायरिंगचं काहीतरी आहे." वायरिंगचे असेलही, पण त्या क्षणी तसे धरून चालण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आमच्या ओळखीच्या एका दूधवाल्यांनी दिवा पाहिला तेव्हा गाव दोन किलोमीटरवर होते. "आलंच की गाव," म्हणून ते निघाले. गाव आले नाही. इंजिनाच्या दुरुस्तीला एका चांगल्या म्हशीची किंमत लागली, आणि तोवर महिनाभर दूध दुसऱ्याच्या टेंपोतून भाड्याने गेले. ते भाडे बिलात कोणी धरत नाही.

तेल जाते कुठे? एक तर गळते, नाही तर जळते. गळतीच्या जागा ठरलेल्या: चेंबरच्या तळाचा बोल्ट आणि त्याचा वायसर, चेंबरचे पॅकिंग, वरच्या झाकणाचे पॅकिंग, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधले मोठे ऑइल सील, टर्बोच्या नळ्या. काही डिझेल गाड्यांत ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरला जोडलेला असतो आणि त्याला इंजिनाचेच तेल जाते. ती रबरी नळी चिरली तर तेल भसाभस जाते. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर पहिल्या काही मैलांतच सत्यानाश होतो. उसाच्या फडातल्या वाटेने चेंबरला दगड लागणे हे तर आपल्याकडे नित्याचेच.

"पण गाडीखाली डाग पडत नाही," असे पुष्कळजण सांगतात. अहो, पुष्कळ गळत्या इंजिन चालू असताना आणि तेल गरम, पातळ झालेले असतानाच होतात. गाडी उभी केली की दाब गेला, थेंब थांबला. शिक्षक मित्रांनी हे गणित वर्गात घालावे: तेलाचे साधारण 25 थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरू. सेकंदाला एक थेंब गळला तर तासाला 3600 थेंब, म्हणजे 144 मिलिलिटर. सात तासांच्या प्रवासात एक लिटर! पंढरपूरला जाऊन येईपर्यंत खूण खाली उतरली, आणि अंगणात डाग मात्र रुपयाएवढा.

जळणारे तेल धुरावरून कळते. निळसर धूर तेलाचा, काळा अर्धवट जळलेल्या डिझेलचा, पांढरा पाण्याच्या वाफेचा किंवा न जळलेल्या डिझेलचा. सकाळी गाडी चालू करताच निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हची सीलं गेली असावीत. चढावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. तेल भरायचे झाकण काढल्यावर जोराचा वाफारा येत असेल तरी रिंगांचाच संशय घ्यावा. टर्बोही तेल पितो, आणि तो तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा प्राणी. म्हणून घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर संथ चालवून मग बंद करावे. आणखी एक: पट्टीवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. तेलात डिझेल किंवा पाणी उतरले असेल. तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणीच.

ही पट्टी, डिपस्टिक, मिस्त्री मंडळी जिला गेज म्हणतात, तीच तेलाची पातळी सांगणारी एकमेव खरी साक्षीदार. सकाळी, गाडी सपाट जागी, इंजिन चालू करण्यापूर्वी पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढून पाहायची. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवे. त्याच्या वर भरू नये. मग क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. किती किलोमीटरला किती तेल घातले ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. हजार किलोमीटरला पाव लिटर लागत होते ते लिटरभर लागू लागले, हे कागदावर आले की कोणाच्या सांगण्याची गरज राहत नाही. गळती लपवण्यासाठी जाड तेल घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. जुन्या डिझेल इंजिनांना बहुधा 15डब्ल्यू-40 तेल सांगितलेले असते. गाडीच्या पुस्तकात जे असेल तेच घालावे. जाड तेल सकाळच्या गारठ्यात वर पोहोचायला उशीर लावते, आणि भोक मात्र आहे तिथेच राहते.

दिवा लागला तर? गाडी बाजूला घ्या, थांबा आणि इंजिन बंद करा. मात्र हा क्रम उलटा करू नका. घाटाच्या उतारावर चालत्या गाडीचे इंजिन बंद केले तर ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते, पायाखाली दगड आल्यासारखे वाटते, आणि पॉवर स्टीअरिंगही जड होते. किल्ली पूर्ण काढली तर स्टीअरिंगला कुलूप बसते. म्हणून इंजिन वाचवण्यासाठी माणसे धोक्यात घालायची नाहीत. थांबायला जागा मिळेपर्यंतचे दोनशे पावले इंजिन गेले तर जाऊ द्या. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी पट्टी पाहा. तेल कमी असेल तर भरा, खाली वाकून गळती पाहा, आणि मगच इंजिन चालू करा. काही सेकंदांत दिवा विझला आणि आवाज स्वच्छ असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत हळू जाता येईल. पट्टीवर तेल पुरेसे असून दिवा जळतो, किंवा खालून ठोका येतो, तर इंजिन पुन्हा चालू करू नये. गाडी ओढून न्यावी, तीही न्यूट्रलमध्ये. जाम झालेल्या इंजिनाला धक्का मारून चालू करण्याचा उत्साह गावात फार; त्याने जे उरले आहे तेही जाते.

इंजिन उतरवायची वेळ आलीच, तर "बेअरिंग टाकून देतो, उद्या गाडी घेऊन जा" असे म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा. क्रँक मायक्रोमीटरने मोजलाच पाहिजे. चरे पडले असतील तर ग्राइंडिंग करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर बारीक क्रँकची बेअरिंगे बसवतात. रॉडचे भोकही गोल राहिले आहे का ते पाहावे लागते. पण खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. झिजलेल्या बेअरिंगचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे गेलेला असतो: पंपात, क्रँकच्या भोकांत, ऑइल कूलरमध्ये. हे सगळे धुतले नाही तर नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जाते. कूलर आतून नीट साफ होत नाही. तो बदललेला बरा. आणि तेल मुळात गेले कुठून, ते सापडल्याशिवाय इंजिन परत चढवू देऊ नका.

एवढा खर्च करावा का? इथे माझा विषय कामी येतो. गाडीवर आजवर किती घातले, हा प्रश्न मनातून काढून टाका. ते पैसे गेले. दुरुस्तीनंतर ती किती वर्षे, किती फेऱ्या देईल, एवढेच पाहा. चेसिस सडली असेल, 15 वर्षे पूर्ण होऊन फेरनोंदणीचा खर्चही समोर असेल, तर विकलेली बरी. भंगार बाजारातले इंजिन बसवणार असाल तर त्याचे कागद पाहा आणि नवा इंजिन नंबर आरटीओत नोंदवा. नाही तर अपघाताच्या वेळी विम्याचा दावा अडकतो.

दुरुस्त इंजिन प्रथम चालू करताना डिझेल बंद ठेवून, स्टार्टर थोडा थोडा फिरवून तेलाचा दाब येऊ द्यावा. पहिले हजार किलोमीटर जड भार नको. मग तेल बदलावे आणि काढलेले तेल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात धरावे. बारीक करडी पूड नव्या रिंगांची असते, तिचे काही नाही. चकाकणारे पापुद्रे दिसले, तर गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्यावी, ओढून.