भाकरी, पोळी आणि रक्तातील साखर

रक्ततपासणीचा अहवाल हाती येतो, साखरेचा आकडा मर्यादेपलीकडे गेलेला दिसतो आणि घरात पहिला हुकूम सुटतो : भात बंद! पुढच्या आठवड्यापासून पोळीची जागा ज्वारीची भाकरी घेते, साखरेची जागा गूळ, आणि न्याहारीच्या पोह्यांऐवजी नाचणीची आंबील येते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते, तेव्हा आकडा जेमतेम हललेला असतो. मग दोष कधी आनुवंशिकतेला दिला जातो, कधी कार्यालयातील ताणाला. ताटातील धान्य बदलले, पण ताटातील धान्याचा वाटा तेवढाच राहिला, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांतील घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. ती समोर ठेवली, की या अपेक्षाभंगाचा उलगडा होतो. शंभर ग्रॅम कणकेत सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारीत ६८, नाचणीत ६७ आणि बाजरीत ६२. म्हणजे ज्वारी या बाबतीत गव्हाच्या किंचित पुढेच आहे. तंतुमय पदार्थांचे प्रमाणही या चारही धान्यांत दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास आहे. पांढरा, सडलेला तांदूळ तेवढा वेगळा पडतो : कर्बोदके ७८ ग्रॅम आणि तंतुमय पदार्थ तीन ग्रॅमहूनही कमी. तेव्हा भाताविरुद्धच्या हुकुमाला थोडाफार आधार आहे; भाकरीवरील भरवशाला तितकासा नाही. भाकरीचे गुण आहेतच. नाचणीतील कॅल्शियम गव्हाच्या दहापटीहून अधिक असते, आणि खरबरीत दळलेल्या पिठाची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा केव्हाही बरी. परंतु दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाणाऱ्याच्या रक्तात अखेरीस पोहोचणारी साखर जवळजवळ तेवढीच असते.

ती पोहोचते कशी, हेही पाहू. धान्यातील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब साखळी. ती तुटण्यास तोंडातील लाळेपासूनच प्रारंभ होतो; लहान आतड्यात तिचे सुटे कण होऊन रक्तात उतरतात. रक्तातील साखर वाढताच स्वादुपिंड इन्शुलिन सोडते, आणि त्याच्या साहाय्याने ही साखर स्नायू, यकृत व चरबीच्या पेशींमध्ये साठवली जाते. तिची कोठारे मर्यादित आहेत. यकृतात सुमारे शंभर ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे चारशे ग्रॅम, एवढीच काय ती जागा. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाचे कोठार रोज रिकामे होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या भाकरीला तेथे जागा असते. लोकलने प्रवास करून दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याचे कोठार कालचेच भरलेले असते. उरलेल्या साखरेचे यकृत चरबीत रूपांतर करते. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात, यकृतावर चरबी चढते, इन्शुलिनचा प्रभाव कमी होत जातो आणि स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन सोडावे लागते. ते थकले, की मधुमेह. तेल-तूप वर्ज्य करूनही ट्रायग्लिसराइड का वाढले, असे विचारणाऱ्यांनी भात, पोळी आणि साखरेकडे पाहावे.

‘पण मी तर सडपातळ आहे’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. त्याला उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे व मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे कोणत्याही तक्त्यानुसार उत्तम. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी गाठण्यासाठी केलेली धाव, अशी मिश्कील नोंदही त्यात आहे. फरक केवळ व्यायामाचा नाही. याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांशी केली होती. आपल्याकडील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडे ३.५ किलो. आपली बाळे स्नायू आणि हाडापेराने लहान, पण चरबीचे प्रमाण मात्र त्या मानाने टिकून राहिलेले, असे आढळले. म्हणजे साखर साठवणारे स्नायूंचे कोठार जन्मतःच लहान. अशा शरीराला कर्बोदकांनी भरलेले ताट जड जाते, मग कंबरेचा पट्टा सैल करावा लागो वा न लागो.

आणि ताट खरोखरच भरलेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि चेन्नईचे मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतील आहारविषयक भाग २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. भारतीय माणूस आपल्या दैनंदिन ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळवतो, आणि तीही बहुतांशी पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये व साखर यांतून, असे त्यात दिसले. आपल्या दृष्टीने कळीचा निष्कर्ष पुढे आहे. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून केवळ पांढऱ्या धान्याऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्यास मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे आढळले नाही. मात्र कर्बोदकांतून येणाऱ्या ऊर्जेपैकी एकूण ऊर्जेच्या पाच टक्के एवढा भाग डाळी-कडधान्ये किंवा दूधदुभत्यातील प्रथिनांतून घेणाऱ्यांमध्ये तो कमी दिसला. ही एका वेळची पाहणी आहे. तिच्यातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही वर सांगितलेल्या शरीरक्रियेशी ती सुसंगत आहे.

पाच टक्के म्हणजे किती? रोजचा आहार दोन हजार कॅलरींचा धरला, तर शंभर कॅलरी. एक ग्रॅम कर्बोदकातून चार कॅलरी मिळतात. तेव्हा पंचवीस ग्रॅम कर्बोदके, म्हणजे साधारण एक मोठी पोळी. ती एक पोळी ताटातून उठवायची आणि तिच्या जागी मटकीची घट्ट उसळ, पनीर, दही किंवा अंडी आणायची. हिशेब ग्रॅमला ग्रॅम जुळणार नाही, कारण उसळीतही कर्बोदके असतात. पण ती सावकाश पचतात आणि सोबत प्रथिने आणतात.

आपल्याकडे अडचण नेमकी इथेच आहे. मध्यमवर्गीय घरातील वरण वर्षागणिक पातळ होत गेले. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली, तेव्हा तर वरणात डाळ शोधावी लागे. धान्य स्वस्त, डाळ महाग, आणि पोट तर भरलेच पाहिजे. रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळच मिळतात. त्यामुळे ज्याच्या खिशाला हा बदल सर्वांत जड, त्याला ‘प्रथिने वाढवा’ असे सांगणे सोपे आहे. शेंगदाणे, हरभरे, चवळी, सोयाबीन हेच त्यातल्या त्यात परवडणारे पर्याय.

उपवासाचे ताट हा तर स्वतंत्र विषय व्हावा. पोटाला विश्रांती म्हणून धरलेल्या एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड फोडी घेतो. साबुदाणा हे धान्य नव्हेच. कसावा या कंदाचे ते पिष्ट असून तमिळनाडूतील सेलम परिसरात त्याचे दाणे पाडले जातात. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात आणि प्रथिने नावापुरतीही नसतात. खिचडीतील दाण्याचे कूट हीच काय ती तिची जमेची बाजू. आणि कंद दक्षिण अमेरिकेतून आलेला, त्यामुळे तो उपवासाला चालतो हे कोणी व कधी ठरवले, याचे कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही!

गुळाविषयी थोडक्यात. त्यात ८५ टक्क्यांच्या आसपास साखरच असते. लोह, खनिजे असतात, पण चमचाभर गुळातून मिळणारे त्यांचे प्रमाण अत्यल्प. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या दहा टक्के, शक्यतो पाच टक्के अशी घातली. दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम. दोन चमचे साखरेचे तीन कप चहा घेणारा माणूस ही मर्यादा बिस्किटाला हात लावण्यापूर्वीच ओलांडतो.

याचा अर्थ कर्बोदके हद्दपार करावीत असा नाही. अमेरिकेतील सुमारे पंधरा हजार प्रौढांचा पंचवीस वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास ते पंचावन्न टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. त्याहून फार अधिक आणि फार कमी घेणाऱ्या दोघांतही ते वाढलेले दिसले. कर्बोदके तोडून त्या जागी मटण-चिकन वाढवणाऱ्यांची स्थिती विशेष बिघडलेली होती, तर वनस्पतिजन्य प्रथिने घेणाऱ्यांची सुधारलेली.

जेवणाचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली झालेल्या एका प्रयोगात भाज्या व प्रथिने आधी आणि पाव नंतर खाल्ल्यास जेवणानंतरची साखर लक्षणीय कमी चढते, असे दिसले. प्रयोग अवघ्या अकरा रुग्णांवरचा होता, पण करून पाहण्यास खर्च नाही. आपल्या ताटात कोशिंबीर असतेच. फक्त पहिला घास वरणभाताचा घेण्याची सवय मोडावी लागेल. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले, तर स्नायू ही साखर तेथल्या तेथे वापरू लागतात.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सुरू असलेल्यांनी मात्र भात-पोळी परस्पर कमी करू नये. औषधाची मात्रा तीच राहिली आणि ताट हलके झाले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊन घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना प्रथिने किती घ्यावीत, यालाही मर्यादा असते. अशा रुग्णांनी ताट बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी, आणि पहिले काही दिवस घरच्या यंत्रावर साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी.