बर्फावरची अष्टपैलू फळी

बालमित्रांनो, भिवंडीजवळच्या अंजूरमध्ये बर्फ कुठे सापडेल? एक तर गोळेवाल्याच्या गाडीवर, नाही तर मासळीच्या पेटीत! आभाळातून पडणारा बर्फ इथे कुणी पाहिलेला नाही. पण बर्फावरून घसरत जाणाऱ्या फळीचं निम्मं शास्त्र मात्र आपल्या भातशेतीतच शिकायला मिळतं, बरं का!

लावणीच्या आधी शेतात चिखलणी करतात. मग चिखल सारखा करायला बैलांच्या मागे लाकडाची रुंद फळी जोडतात आणि शेतकरीदादा तिच्यावर उभे राहतात. खाली एवढा चिखल, पण फळीवरचा माणूस बुडत नाही. वरच्या वर सरकत जातो. खाली पाय टाकला, की मात्र पाय रुतलाच! आता चिखलाच्या जागी बर्फ आणि बैलांच्या जागी डोंगराचा उतार आहे अशी कल्पना करा. झाला तुमचा स्नोबोर्ड!

मुलींसाठी केलेलं खेळणं

स्नोबोर्डचा जन्म मोठा गमतीदार आहे. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी तयार केली. तिच्यावर आडवं उभं राहून मुली टेकडीवरून घसरू लागल्या. पॉपेनबाईंनी ‘स्नो’ आणि ‘सर्फर’ हे दोन शब्द जोडून तिचं नाव ठेवलं ‘स्नर्फर’. पुढे फळीवर पाय पक्के बांधायची सोय झाली, कडांना पोलादी पट्टी आली. १९९८ मध्ये जपानमधल्या नागानो इथल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा दिसला. आपल्याकडे २०२० पासून गुलमर्गला होणाऱ्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांमध्येही स्नोबोर्डिंग आहे.

फळी बुडत का नाही?

सोपा हिशेब करू या. तुमचं वजन ४५ किलो आहे आणि दोन्ही तळव्यांचं क्षेत्रफळ मिळून ३५० चौरस सेंटिमीटर भरतं असं धरा. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १३० ग्रॅम भार पडला. आता १४० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद फळीवर उभे राहा. क्षेत्रफळ झालं ३५०० चौरस सेंटिमीटर. भार उरला फक्त १३ ग्रॅम! वजन तेच, पण दाब दहापट कमी. म्हणून ताज्या बर्फात चालणारा माणूस मांडीपर्यंत रुततो आणि फळीवरचा वरून निघून जातो.

पण नुसतं तरंगून भागत नाही. वळायचं असतं, थांबायचंही असतं. त्यासाठी फळीत दोन करामती केलेल्या असतात. पहिली करामत कडांची. फळी मध्यभागी थोडी निमुळती असते, डमरूसारखी. ती एका कडेवर कलवली आणि वजनानं थोडी वाकली, की कड बर्फात गोल रेघ कापते आणि फळी वळते. दुसरी करामत पोटाची. काही फळ्या टेबलावर ठेवल्या तर मधला भाग थोडा उचललेला दिसतो, धनुष्यासारखा. त्यावर उभं राहिलं की दोन्ही टोकं बर्फात घट्ट दाबली जातात आणि पकड चांगली मिळते. काही फळ्या नेमक्या उलट असतात. होडीच्या तळासारखी त्यांची टोकं वर वळलेली असतात. त्या खोल बर्फात छान तरंगतात, पण कडक बर्फावर त्यांची पकड कमी पडते.

मग घ्यायची तरी कोणती? क्रिकेटच्या संघात जसा अष्टपैलू खेळाडू असतो, तशी स्नोबोर्डमध्येही अष्टपैलू फळी असते. पायांखाली धनुष्य आणि पुढच्या टोकाला होडी! फार कडक नाही, फार लवचीकही नाही. तिला घेऊन गुलमर्गला जाऊ या.

खालून वर, चार तऱ्हांचा बर्फ

काश्मीरमधलं गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. इथे दोरावरून जाणारा पाळणा आहे. त्याला गोंडोला म्हणतात. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगदूरीला, म्हणजे सुमारे ३०८० मीटरवर नेऊन सोडतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३९५० मीटरपर्यंत जातो. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी हा खांदा वरच राहील!

थंडीतली सकाळ. रात्री पाणी गोठून वरचा थर टणक झालेला असतो. हा पहिला बर्फ. इथे सगळी मदार पोलादी कडांवर. आपली फळी पकड धरते, पण शर्यतीच्या अरुंद, ताठ फळीइतकी नाही. वेगात असाल तर ती थरथरू लागते. अशा वेळी वेग कमी ठेवणं शहाणपणाचं.

दुसरा बर्फ यंत्रानं दाबून सपाट केलेला. नवशिक्यांची शाळा इथेच भरते. आपली फळी इथे खुशीत असते. डावं वळण, उजवं वळण, जणू वहीत सुंदर रेघा ओढाव्यात!

तिसरा म्हणजे वरच्या उतारांवरचा ताजा, कोरडा, पिठासारखा भुसभुशीत बर्फ. यासाठीच जगभरचे खेळाडू गुलमर्गला येतात. इथे पुढचं वर वळलेलं टोक कामाला येतं. वजन जरा मागच्या पायावर घेतलं की ते बर्फाच्या वर राहतं. खास खोल बर्फासाठी बनवलेली फळी हेच काम कमी श्रमात करते. अष्टपैलू फळीवर मात्र मागचा पाय लवकर भरून येतो.

चौथा बर्फ दुपारचा, उन्हानं ओला झालेला. त्यातलं पाणी फळीच्या तळाला धरून ठेवतं. तळाला योग्य मेण लावलेलं नसेल, तर फळी मध्येच ब्रेक लागल्यासारखी अडखळते.

आणि सपाट जागा आली तर? तिथे मात्र आपली हुशार फळी अगदी हात टेकते! हातात स्कीच्या काठ्या नसतात आणि दोन्ही पाय बांधलेले. मग एक पाय सोडवून, लहान मुलं तीनचाकी ढकलगाडी चालवतात तसं ढकलत जायचं!

म्हणजे पाहा, आपली फळी एकाही विषयात पहिली नाही, पण सगळ्या विषयांत पास आहे. पहिल्यांदा शिकणाऱ्याला अशीच फळी हवी.

आई-बाबांसाठी दोन शब्द

शाळेचा गणवेश आपण ‘वाढत्या अंगाचा’ घेतो. स्नोबोर्ड तसा घेऊ नका! लांब आणि ताठ फळी हलक्या मुलाकडून वाकतच नाही. मग ती वळत नाही आणि मूल पडतं. उभी धरली की साधारण मुलाच्या हनुवटीपर्यंत येईल अशी फळी शिकायला बरी. मात्र बनवणाऱ्यांनी दिलेला वजनाचा तक्ता जरूर पाहावा. सुरुवातीला फळी भाड्यानं घेणंच चांगलं. नवशिके पडताना हात टेकतात, त्यामुळे या खेळात मनगटाच्या दुखापती खूप होतात. म्हणून हेल्मेटबरोबर मनगटाचे पट्टेही हवेत आणि शिकवणारा प्रशिक्षकही हवा.

फळीला न कळणारी गोष्ट

अष्टपैलू फळीचा एक धोका आहे. ती सगळीकडे जाऊ शकते, म्हणून आपणही सगळीकडे जाऊ शकतो असं वाटायला लागतं. डोंगरावरचा बर्फ थराथरांनी साचतो. एखादा थर कच्चा राहिला आणि त्यावर नवा बर्फ पडला, की एका माणसाच्या भारानंही वरचा अख्खा थर सुटून खाली धावतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर त्याची भीती सर्वांत जास्त. ज्या उतारांवर मजा येते, नेमके तेच हे उतार!

८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला प्रशिक्षण घेणाऱ्या जवानांवर हिमस्खलन कोसळलं आणि १७ जवान मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटूंचा असाच अंत झाला. म्हणून वरच्या उतारांवर जाणारे जाणकार एकटे जात नाहीत. गाडला गेलेला सोबती शोधायला संदेश देणारं यंत्र, लांब सळई आणि फावडं जवळ ठेवतात. गस्तीपथकानं उतार बंद केला असेल, तर गुपचूप परत फिरतात. परत फिरण्यात कमीपणा मुळीच नाही, दोस्तांनो!

करून पाहा

जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची २० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. दोन्ही लांब बाजू मध्यभागी अर्धा-अर्धा सेंटिमीटर आत येतील अशा गोलाईनं कापून घ्या. आता कागदावर ही पट्टी एका कडेवर तिरपी धरा. फक्त दोन टोकं टेकतील आणि मध्ये फट दिसेल. मधोमध बोटानं हलकेच दाबून संपूर्ण कड कागदाला टेकवा आणि कडेलगत पेन्सिल फिरवा. पट्टी उचला. कशी रेघ उमटली? आता पट्टी आणखी तिरपी धरून पुन्हा तसंच करा. दोन रेघांपैकी जास्त वाकडी कोणती, ते पाहा. गुलमर्गच्या उतारावर झटकन वळायचं असेल, तर फळी किती कलवायची याचं उत्तर तुमच्या हातात असेल!