फरशीला चिकटलेलं गालिच्याचं रबर: ॲसिडची बाटली ठेवून द्या

भूगाव, पिरंगुट मागे टाकून ताम्हिणीच्या दिशेने जावं तसा मुळशीत पाऊस वाढत जातो, आणि जून ते सप्टेंबर घरात ओल मुरत राहते. सुट्टीपुरती उघडणारी घरं तर या दिवसांत आठवडेच्या आठवडे बंद असतात. दसऱ्याच्या आवराआवरीत गालिचा उचलावा, तर त्याच्या मागचं रबर फरशीवरच राहिलेलं: कुठे चिकट काळपट थर, कुठे जाळीचा ठसा, कुठे पांढरी भुकटी. मग ऐकीव उपाय सुरू होतात, आणि त्यांतले काही चांगल्या फरशीचा कायमचा घात करतात.

‘गालिच्याचा गोंद सुटला,’ असं लोक म्हणतात. खरं तर सुटलेला गोंद नसतो. गालिच्याची पाठच कुजलेली असते. स्वस्त गालिचे आणि पायपुसणी यांच्या मागे लॅटेक्सचा थर असतो आणि त्यात खडूची पूड भरलेली असते. हवेतला ऑक्सिजन, उष्णता आणि ओल यांनी रबर झिजतं. कधी चिकट होतं, कधी ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडतो. पांढरी भुकटी बहुतेक वेळा हीच खडूची पूड असते.

ॲसिडबद्दलचा सगळ्यात घातक गैरसमज इथूनच जन्मतो. लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर टाकलं की फेस येतो आणि डाग निघतोय असं वाटतं. तो फेस खडूचा असतो, आणि शहाबादी, कोटा किंवा मार्बल असेल तर खुद्द फरशीचाही. हे तिन्ही दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. ॲसिड त्यांना खातं, पॉलिश उडतं आणि पांढुरके चट्टे पडतात. मोझॅकमधल्या मार्बलच्या तुकड्यांचीही हीच गत. रबर मात्र जागच्या जागी राहतं. त्यावर कुणी ब्लीच ओतलं, तर ॲसिडशी मिळून विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

म्हणून डाग कसला हे पाहण्याआधी फरशी कसली ते पाहा. ओळखू येत नसेल, तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एकच थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडीचा दगड. थेंब लगेच धुऊन काढा.

सुरुवात सगळीकडे सौम्यच हवी. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाका, त्यात भिजवलेलं फडकं डागावर अर्धा तास ठेवा आणि मऊ झालेला थर जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा. लाकडी किंवा लॅमिनेट फरशीवर मात्र फडकं घट्ट पिळूनच वापरा, साचलेल्या पाण्याने ती फुगते. तारेच्या घासणीने काम लवकर होतं हे खरं, पण मार्बलच्या मानाने पोलाद कितीतरी कठीण, त्यामुळे ओरखडे पडतातच. थर चिकट असेल तर पिशवीत गुंडाळलेला बर्फ त्यावर धरा. कडक झाला की तो तुकड्यांनी उचकटतो.

एवढं करूनही उरलं, तर रॉकेल किंवा थिनर? व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, तेव्हा तिच्यावर रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन कापडाला लावून पुसायला हरकत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, देवघरातली समई आणि स्वयंपाकघरातला गॅस आधी बंद करा. सच्छिद्र शहाबादीवर तेच ओतलं तर विरघळलेलं रबर आणखी खोल शिरतं. तिथे टाल्कम पावडर टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्या, प्लास्टिकने झाकून दिवसभर ठेवा आणि मग कोरडा करून खरवडा. लेप डाग वर ओढतो. खोबरेल तेलाने चिकटा सुटतो, पण दगडावर तेलाचा नवा डाग बसतो. व्हिनाइल फरशीवर थिनर किंवा ॲसिटोन लावूच नका, फरशीच विरघळते.

व्हिनाइलवरचा पिवळा डाग घासून निघेल, ही आशाही सोडा. ती घाण नसते. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये मुरून तिथलाच रंग बदललेला असतो. तेवढा तुकडा बदलणं किंवा त्यावर काही अंथरणं, एवढेच मार्ग.

रबरी पाठीमुळे फरशी जपली जाते, हेही पावसाळ्यात उलटंच. ओल खाली अडकते आणि झीज वाढते. गालिचा घसरू नये म्हणून घालतात ती पीव्हीसीची जाळीही अशीच चिकटते. सोलापुरी सतरंजीला मागे रबर नसतं, त्यामुळे ओल्या दिवसांत बैठकीसाठी ती बरी. मात्र गुळगुळीत टाइलवर ती सरकते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या वाटेत अंथरू नका. आणि घर बंद करून जाताना रबरी पाठीचा गालिचा वाळवून, गुंडाळून, पलंगावर किंवा फळीवर ठेवून जा.