अमिबाच्या पोटात वाढणारा न्यूमोनिया

उमरोळीहून सकाळची गाडी पकडून बोईसरला उतरणाऱ्या, तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांना कूलिंग टॉवर काही नवा नाही. यंत्रे थंड करून तापलेले पाणी त्यात वरून खाली झिरपते, पंखा हवा खेचतो आणि बारीक तुषार बाहेर पडतात. अशा टॉवरची निगा राखली नाही, तर तुषारांबरोबर ‘लिजिओनेला’ हा जिवाणू श्वासातून फुप्फुसात जाऊ शकतो.

१९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर न्यूमोनियाने ३४ जण दगावले. जिवाणू सापडला पुढच्या वर्षी. पण साध्या पाण्यात तो एवढा फोफावतो कसा? १९८० मध्ये ब्रिटनच्या टिमोथी रोबोथम यांनी दाखवले, की तो अमिबात वाढतो.

गंमत अशी, की जिवाणू हेच अमिबाचे खाणे. गिळायचे, पोकळीत कोंडायचे, पचवायचे. लिजिओनेला मात्र आत जाताच सुईसारख्या यंत्रणेतून तीनशेहून अधिक प्रकारची प्रथिने अमिबाच्या पेशीत सोडतो. पाचक रसांच्या पिशव्या त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तो तिथेच वाढतो आणि शेवटी अमिबा फुटतो. आपल्या फुप्फुसातल्या भक्षक पेशीही जिवाणूंना अशाच गिळतात, आणि अशाच फसतात.

क्लोरीनचे काय? संकट आले की अमिबा स्वतःभोवती टणक कवच करतो. अशा कवचातला लिजिओनेला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीनमध्येही तगल्याचे १९९० मध्ये प्रयोगात दिसले. नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पुरेसे मानतात! म्हणून नुसते औषध वाढवून भागत नाही. टॉवरच्या तळचा गाळ आणि बुळबुळीत थर खरवडून काढावाच लागतो. घरच्या कूलरचेही तेच.

हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. पन्नाशी उलटलेले, विडी-सिगारेट ओढणारे आणि मधुमेही यांना धोका जास्त. खोकला, ताप, धाप लागली तर आपण कुठे काम करतो हे डॉक्टरांना जरूर सांगावे. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे पेशीत लपलेल्या या जिवाणूवर चालत नाहीत. अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन लागते. लघवीची तपासणी उपयोगी आहे, पण ती मुख्यतः एकच प्रकार ओळखते. ती निगेटिव्ह आली तरी संशय असल्यास डॉक्टर थुंकीही तपासायला सांगतात.