ट्रॅक्टरचे दिवे व परवान्याची चाचणी

परवान्याच्या चाचणीस ट्रॅक्टर नेण्यापूर्वी शेतकऱ्याने आदल्या सायंकाळी त्याचे दिवे तपासावेत. काचांवरील चिखल धुऊन काढावा. नंतर एकास मागे उभे करून दोन्ही ब्रेक एकत्र दाबावेत व लाल दिवे लागतात की नाही, ते त्यास विचारावे. वळणाचा दिवा नेहमीपेक्षा झपाट्याने लुकलुकू लागल्यास त्या बाजूचा एखादा बल्ब बहुधा गेलेला असतो. समोरून वाहन येताच झोत खाली करण्याची कळ न पाहता हातास सापडावी, एवढा सराव हवा.

ट्रॉलीची गोष्ट निराळी. ती जोडली की ट्रॅक्टरचे मागील दिवे झाकले जातात. उसाने भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी असल्यास मागून येणाऱ्यास ती वेळेवर दिसत नाही, आणि प्राणघातक अपघात होतात. यास्तव ट्रॉलीचे दिवेही तार जोडून पेटवून पाहावेत. लोंबणाऱ्या उसाने लाल परावर्तक झाकले जाणार नाहीत, याकडेही लक्ष द्यावे.