होडीच्या दांड्याचे कंपन

डहाणू किनाऱ्यावरील यांत्रिक होड्यांत एंजिनाची गती लांब पोलादी दांड्याने पाण्यातील पंख्यास मिळते. हा दांडा किंचित लवतो. पंख्याचे एखादे पाते वाकले, अथवा दांडा एंजिनाशी सरळ रेषेत नसला, की तो थरथरतो. एंजिनाच्या ठराविक वेगास हे धक्के दांड्याच्या स्वाभाविक कंपनाशी जुळतात व थरथर फार वाढते. यास अनुनाद म्हणतात. मग बेअरिंग झिजते, पाणी अडविणारे पॅकिंग ढिले पडते आणि भर समुद्रात खलाशांच्या जिवावर बेतते. म्हणून पाती समतोल राखावीत, दांडा सरळ रेषेत बसवावा व त्या वेगावर एंजिन रेंगाळू देऊ नये.

तलासरीच्या आतील गावांतील मुलांस होडी अपरिचित असली, तरी झोपाळा परिचित असतो. वेळेवर दिलेले लहान धक्के त्यास उंच नेतात; शिक्षकांनी अनुनाद तेथेच दाखवावा.