डेंग्यूच्या मोसमात जळमटांची बाजू

पावसाने चार दिवस उघडीप दिली की डेंग्यूच्या बातम्या सुरू होतात आणि पार्ल्यातल्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट खडबडून जागे होतात. धुराची फवारणी कधी, टाक्यांची झाकणं लावली का, आणि त्याच दमात फर्मान निघतं : जिन्यातली जळमटं काढा. यावर कुणीतरी हटकून लिहितं, ‘कोळी डास खातात, राहू द्या.’ दोन्ही पक्ष घाईत आहेत. आधी जळमट कुणाचं ते तरी पाहू.

छताच्या कोपऱ्यात केसासारख्या लांब पायांचा, जाळ्याला धक्का लागताच गदागदा हलणारा कोळी असतो, तो क्रॉसोप्रायझा लायोनी. ब्लॅकवॉल या ब्रिटिश अभ्यासकाने १८६७ मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. थायलंडमध्ये डेंग्यूच्या डासांचा भक्षक म्हणून त्याचा अभ्यास झाला आणि तो १९९७ मध्ये प्रसिद्धही झाला. म्हणजे डास खाण्याचं थोडंफार श्रेय द्यायचंच, तर याला द्या.

मला मात्र बोलायचंय ते खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूबद्दल. मीटरच्या पेटीखाली, चपलांच्या कपाटामागे, पंपाच्या खोलीत राहणारा नेस्टिकोडिस रुफिपेस. अंग जेमतेम काही मिलिमीटर, पाय तांबूस. फ्रेंच अभ्यासक ल्यूका यांनी १८४६ मध्ये त्याला नाव दिलं; आज जगभरच्या उष्ण प्रदेशांत तो माणसाच्या घरांत मुक्कामाला आहे. त्याचं जाळं पाहून कुणी कौतुक करणार नाही. नुसता गुंता. पण त्याच्या कुळातल्या कोळ्यांची करामत त्या गुंत्याखाली असते. तिथून काही धागे ताणून सरळ जमिनीपर्यंत आणलेले असतात. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला चिकट थेंब, आणि जमिनीशी असलेला जोड मुद्दाम कच्चा. चालती मुंगी थेंबाला चिकटते, सुटायला धडपडते, त्या धडपडीनेच जोड तुटतो. ताणलेला धागा आखडतो आणि मुंगी अधांतरी. पाय टेकायलाच काही नाही, तर ताकद लावणार कशावर? मग कोळी येतो, मागच्या पायांवरच्या दातेरी केसांच्या फणीने चिकट रेशीम ओढून लांबूनच तिच्यावर फेकतो आणि ती पुरती जखडल्यावर चावा घेतो. स्वतःपेक्षा मोठी शिकार त्याला झेपते ती यामुळे.

हा सापळा प्रामुख्याने चालणाऱ्यांसाठी आहे. उडते कीटकही वरच्या गुंत्यात सापडतात. ब्राझीलमधल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये हाच कोळी घरमाश्या आणि भुंगेरे खाताना अभ्यासला गेलाय. तरीही डेंग्यूचं कंत्राट त्याला देऊ नये. कुंडीखालच्या एका ताटलीत आठवडाभरात जेवढे डास तयार होतात, तेवढे संपवणं जिन्यातल्या कोळ्यांच्या आवाक्यातलं नाही. ताटली आपणच उलटी करायची.

राहिला भीतीचा मुद्दा. रुफिपेसच्याच कुळात ‘ब्राऊन विडो’ ही विषारी कोळीणही मोडते, भारतातली तिची पहिली नोंद ‘करंट सायन्स’मध्ये २००७ साली आली. तिच्या अंडपिशवीवर बारीक टोकं असतात. रुफिपेसची पिशवी गोल आणि बिनकाट्याची. एवढा फरक ओळखता आला तर वर्षाच्या कंत्राटातला फवारा दिसेल त्या कोपऱ्यात मारायची गरज उरत नाही.

आणि हे कूळ काही परकं नाही. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणात काम केलेल्या बी. के. टिकादर यांनी त्यातल्या अनेक जाती नोंदवल्या. २०१७ मध्ये सिद्धार्थ कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी ‘मिओटिपा सह्याद्री’ ही नवी जात जगापुढे आणली. त्याच वर्षी याच कुळातल्या एका घरकोळ्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. इथे मात्र आपण झाडू घेऊन उभे.

जुन्या दुमजली इमारती पाडून पार्ल्यात टॉवर उभे राहताहेत, तरी रुफिपेसची काळजी नको. पोडियमच्या पार्किंगमध्येही त्याला कोपरा मिळेल. काळजी वाटते ती मुलांची. पार्ले टिळक शाळेपासून साठ्ये कॉलेजपर्यंत शिक्षणाची एवढी परंपरा असलेल्या उपनगरात विज्ञान प्रकल्पासाठी थर्माकोलचा ज्वालामुखीच का लागावा? भिंग आणि तिरका धरलेला टॉर्च घेऊन मुलांना जिन्याखाली पाठवा. धाग्यांच्या तळाचे थेंब चमकताना दिसतील. मुंगी वर उचलली जाताना एकदा पाहिली की तणाव, चिकटपणा आणि भार हे तिन्ही धडे एकदम होतात, तेही फुकटात.